आधी घट्ट, मग सैल: रोजचा ताण स्नायूंतून उतरवण्याची पद्धत

शेजारच्या काकूंना सतरंजीवर आडवं केलं, त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि म्हटलं, "काकू, हाताचं सगळं वजन माझ्यावर टाका. तुम्ही काही करू नका."

"टाकलं बघ."

मी माझा हात हळूच काढून घेतला. काकूंचा हात तिथेच राहिला, अधांतरी. कोपरात किंचित वाकलेला, बोटं ताणलेली. त्या स्वतःच त्याच्याकडे बघत राहिल्या. "अगं, मी तर सोडला होता गं!"

त्यांना खरंच वाटत होतं की हात सैल आहे. चाळीस वर्षं घर चालवताना तो हात सतत पुढच्या कामाला तयार राहिला. त्या तयारीची इतकी सवय झाली, की तीच त्यांना विश्रांती वाटू लागली होती.

ताणाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा मनाला उपदेश करतो. विचार करू नकोस, शांत राहा, सोडून दे. पण आपण काही धरून ठेवलंय हेच कळत नसेल, तर सोडणार काय? स्नायूंच्या व्यायामाची ही पद्धत मला म्हणूनच पटली. आधी एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा, तो आवळलेला असताना कसा लागतो ते नीट ओळखायचं आणि मग तो सोडायचा. ओळख पक्की झाली की दिवसभरात कधी, कुठे आवळलं जातंय ते आपोआप कळायला लागतं.

मी हिशेबाचं काम करते. दर मार्चमध्ये माझी मान धरायची आणि दुपारी चारच्या सुमाराला कानशिलं ठणकायला लागायची. मलम, शेक, गोळी सगळं झालं. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आरशासमोर बसवलं आणि विचारलं, "खांदे कुठे आहेत तुमचे?" मी म्हटलं, "जागेवर." त्यांनी दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर नुसते ठेवले, दाबलेही नाहीत. खांदे दोन बोटं खाली आले. इतके दिवस मी ते कानांकडे ओढून धरले होते आणि त्याचाच पगार म्हणून संध्याकाळी डोकेदुखी घेत होते. ही पद्धत मी त्यांच्याकडून शिकले.

आपल्या भाषेला हे सगळं केव्हाचंच ठाऊक आहे. राग आला की आपण मुठी आवळतो, दातओठ खातो. काळजीने कपाळाला आठ्या पडतात, भीतीने पोटात गोळा येतो, जीव मुठीत धरून बसतो. आणि काम आवरल्यावर घरातली बाई म्हणते, "जरा पाठ टेकते." ती "झोपते" म्हणत नाही. दिवसभर जी पाठ तिने स्वतः तोलून धरली होती, तिचं वजन ती पाच मिनिटं जमिनीला देते. पुढचा सगळा व्यायाम म्हणजे हे पाठ टेकणं सर्वांगाने शिकणं.

ही पद्धत आली कुठून

अमेरिकेतले डॉक्टर आणि शरीरक्रियातज्ज्ञ एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) हे या पद्धतीचे जनक. हार्वर्डमध्ये शिकत असताना अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो कसा, याचा ते अभ्यास करत होते. ज्यांचे स्नायू पूर्ण सैल होते, ती माणसं त्याच आवाजाला फारशी दचकत नाहीत, असं त्यांना दिसलं. पुढे शिकागोत त्यांनी स्नायूंमधली अगदी सूक्ष्म विद्युत हालचाल मोजली. नुसतं "मी हात वाकवतोय" अशी कल्पना केली, तरी त्या हाताच्या स्नायूंत हालचाल नोंदली जात होती. म्हणजे मन जिथे जातं तिथे स्नायूही थोडे जातात. १९२९ मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली.

जेकबसन यांचं शिक्षण मात्र फार लांबलचक असे. एकेका स्नायूगटासाठी तासातासाच्या बैठका, असे कित्येक महिने. १९५० च्या दशकात जोसेफ वोल्पे यांनी भीतीवरच्या उपचारात वापरण्यासाठी ती बरीच आटोपशीर केली. १९७३ मध्ये डग्लस बर्नस्टीन आणि थॉमस बोर्कोवेक यांनी सोळा स्नायूगटांचा क्रम नीट बसवून दिला. आज बहुतेक ठिकाणी शिकवला जातो तो साधारण हाच क्रम, आणि खालीही तोच दिला आहे.

आपल्याकडे शवासन होतंच. हठप्रदीपिकेत ते थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं म्हणून सांगितलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा अभ्यास केला आणि तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. रक्तदाबावर शिथिलीकरणाचा उपयोग तपासणाऱ्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. मग नुसतं शवासनच का करू नये? जरूर करावं. पण ज्याला सैल म्हणजे काय हेच आठवत नाही, त्याला "अंग सैल सोडा" सांगून भागत नाही. तो चटईवर आडवा पडून तसाच ताठ राहतो. काकूंचं तेच झालं होतं, आणि माझंही.

आधी दोन मिनिटांचा प्रयोग

खुर्चीत बसा. उजवा हात मांडीवर किंवा टेबलावर पालथा ठेवा. आता कोपर न उचलता फक्त पंजा मनगटातून मागे वाकवा, समोरच्याला "थांब" म्हणताना करतो तसा. धरून ठेवा आणि लक्ष मनगटाकडून काढून कोपराच्या जवळ, हाताच्या वरच्या बाजूला न्या. मनगटात जे दुखल्यासारखं लागतंय, ते सांध्यावर पडलेलं ओढणं आहे, ते सोडून द्या. कोपराखाली एक मंद, भरलेली, ओढून धरल्याची जाणीव असेल. तीच स्नायूची आवळ. जेकबसन शिकवायला सुरुवात याच हालचालीने करत.

आता पंजा पडू द्या. ठेवू नका, पडू द्या. कोपराखालची ती जाणीव विरत जाते. विरायला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागतो, हे बघून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. हात खाली आल्यावरही स्नायू थोडा वेळ धरूनच असतो.

सोडण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, हेही इथेच कळतं. स्नायूला एकच काम जोराने करता येतं, ते म्हणजे आखडणं. सैल होणं म्हणजे ते काम थांबवणं. म्हणून "मी आता जोर लावून रिलॅक्स होते" असं होत नाही. फ्रीजची घरघर बंद पडल्यावर लक्षात येतं ना की इतका वेळ ती चालू होती, तसंच हे आहे.

कोणी सांभाळून करावं

व्यायाम साधा आहे, तरी आवळणं म्हणजे श्रमच. स्नायू जोरात आवळून धरला की तेवढ्यापुरता रक्तदाब वाढतो. ज्यांना उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून, अगदी हलकी आवळ द्यावी आणि श्वास मुळीच रोखू नये. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डोळे घट्ट मिटण्याची पायरी गाळा. मानेचा किंवा कमरेचा मणका सरकलेला असेल, हर्निया असेल, कुठे टाके असतील, तर तो भाग आवळू नका. तिथे फक्त लक्ष न्या आणि सोडा. गरोदर बायकांनी पोट आवळू नये. पोट दिसायला लागल्यावर उताणं न झोपता डाव्या कुशीवर किंवा पाठीला टेकून बसून करावं.

आणखी एक गोष्ट, जी कमी सांगितली जाते. काही जणांना अंग सैल व्हायला लागलं की शांत वाटण्याऐवजी उलट घाबरल्यासारखं होतं, छाती धडधडते. सतत सावध राहायची सवय लागलेल्या माणसाचं असं होऊ शकतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, झोपण्याऐवजी बसून करा, आणि पहिले काही दिवस फक्त दोन्ही हातांपुरतंच करा.

छातीत दुखून ते डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. आणि ताण इतका असेल की झोप, जेवण, काम सगळंच कोलमडलंय, जगावंसं वाटत नाहीये, तर एकट्याने व्यायाम करत बसू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

तयारी

वीस ते पंचवीस मिनिटं हवीत. जेवणानंतर लगेच नको, निदान तासभर जाऊ द्या. झोपायच्या वेळी करायला हरकत नाही, पण पहिले पंधरा दिवस दिवसाची एखादी वेळ धरा. रात्री केलं तर तिसऱ्या पायरीला डोळा लागतो आणि शिकायचं राहून जातं.

गादीपेक्षा जमिनीवर सतरंजी किंवा चटई बरी, कारण गादीत अंग रुततं आणि कुठे काय टेकलंय ते कळत नाही. मानेखाली पातळ उशी आणि गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर घेतली की कमरेवरचा ओढा जातो. चष्मा, घड्याळ, बांगड्या, पट्टा काढा. साडीची किंवा पायजम्याची नाडी सैल करा. अंग सैल झालं की थोडं गार वाटतं, म्हणून पंखा एक वर ठेवा किंवा अंगावर पातळ पांघरूण घ्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर "आई, माझा मोजा कुठंय?" ही हाक नेमकी पोटाच्या पायरीला येते.

झोपणं शक्य नसेल तर हातांची खुर्ची चालेल. पाठ टेकलेली, पावलं पूर्ण जमिनीवर, तळवे मांडीवर.

क्रम लक्षात राहत नाही, अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे खालच्या सूचना स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करणं. प्रत्येक आवळीनंतर तीस-चाळीस सेकंद शांतता ठेवा. रेकॉर्ड करताना ती शांतता फार लांबलेली वाटते, ऐकताना अपुरी पडते. मग मोबाईल खोलीत आणावा लागेल, तेव्हा तो फ्लाइट मोडवर टाका.

हातापासून पावलापर्यंत

नियम सगळीकडे तोच. पाच ते सात सेकंद आवळायचं, मग एकदम सोडायचं आणि तीस-चाळीस सेकंद फक्त काय जाणवतंय ते बघायचं. प्रत्येक गट दोनदा. पूर्ण ताकद लावू नका, निम्म्या जोराच्याही आतच ठेवा. ओला पंचा शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळतात तसा जोर नको, नुसतं पाणी निथळेल इतका पुरे. श्वास चालू ठेवा. आणि ज्या भागाची पाळी नाही, तो भाग आवळत नाहीये ना, तेवढं बघा. मूठ वळताना दात आवळले जाणं ही सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे.

सुरुवात उजव्या हाताने करा, डावखुरे असाल तर डाव्या. मूठ वळा. बोटांच्या पेरांत, पंजाच्या पाठीवर, कोपरापर्यंत आवळ चढलेली ओळखा. सोडा. बोटं आपली आपण अर्धवट मिटलेली राहतात, तीच त्यांची नैसर्गिक जागा, ती सरळ करायला जाऊ नका. मग त्याच हाताचा दंड: कोपर सतरंजीत हलकेच खाली दाबा, मूठ न वळता. दंड भरल्यासारखा लागेल. सोडा. हेच दोन भाग दुसऱ्या हाताचे. या टप्प्यावर क्षणभर थांबून दोन्ही हातांची तुलना करा. जड, ऊबदार, झिणझिण्या, किंवा नुसतं "काही नाही", जे लागेल ते बरोबरच.

आता चेहरा. इथे घाई करू नका. अंगाच्या मानाने चेहरा लहान, पण लोकांसमोर दिवसभर तोच सांभाळावा लागतो. कपाळासाठी भुवया शक्य तेवढ्या वर चढवा, कपाळाला आडव्या आठ्या पडू द्या. सोडल्यावर कपाळाची कातडी केसांपासून भुवयांपर्यंत इस्त्री केल्यासारखी पसरते आहे, याकडे लक्ष द्या. मग डोळे मिटून हलकेच दाबा आणि नाक मुरडा, घाण वास आल्यावर करतो तसं. सोडल्यावर पापण्या नुसत्या टेकलेल्या राहू द्या. त्या फडफडत असतील तर फडफडू द्या, चार-पाच दिवसांत थांबतात.

तिसरा भाग जबडा, आणि हा माझा सगळ्यात मोठा शिक्षक. दाढा हलक्या आवळा आणि ओठांचे कोपरे मागे ओढा. कानाच्या पुढे, गालाच्या मागच्या कोपऱ्यात एक टणक उंचवटा येतो, पहिल्या वेळी तिथे बोट लावून बघा. सोडा. सोडल्यानंतर जबडा कुठे असायला हवा, हे बहुतेकांना माहीत नसतं: ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नाहीत, आणि जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला नुसती लागलेली. घास चावताना सोडलं तर दात एकमेकांवर टेकायची फारशी गरजच नसते. हे वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का, तेवढं आत्ताच बघा. जबडा कटकट वाजत असेल तर आवळू नका, तोंड किंचित उघडून हळूच मिटा, पुरे.

मान नाजूक आहे. डोकं उशीत अलगद मागे दाबा, जेमतेम उशीला कळेल इतकंच. सोडा, आणि डोकं उशीवर टाकून द्या. बाळाला निजवताना त्याचं डोकं आपल्या तळव्यात कसं जड होतं, तसं.

खांदे, छाती आणि वरची पाठ एकत्र. दोन्ही खांदे कानांकडे उचला आणि थोडे मागे घ्या, म्हणजे पाठीवरचे फरे एकमेकांजवळ येतील. श्वास आत येत असेल तर येऊ द्या. सोडा. खांदे खाली आले असं वाटल्यावर पुन्हा एकदा सोडा. मी दर वेळी हे दुसरं सोडणं करून बघते आणि दर वेळी अजून थोडं काही शिल्लक निघतं.

पोटासाठी, कुणी गमतीने बोट टोचणार आहे असं समजून पोट टणक करा. सोडल्यावर ते श्वासाबरोबर वर-खाली होऊ द्या. आपल्याला लहानपणापासून पोट आत घे, नीट बस असं सांगितलेलं असतं, विशेषतः मुलींना. त्यामुळे पोट पूर्ण सोडताना उगाच संकोच वाटतो. घरात कुणी बघत नाहीये, सोडा.

पाय पटकन होतात. मांडीसाठी गुडघा खालच्या चादरीत दाबा. पोटरीसाठी पावलाचा चवडा स्वतःकडे ओढा. चवडा पुढे ताणून पोटरी आवळू नका, त्याने गोळा येतो. पावलासाठी बोटं खाली वळवून तळवा वाटीसारखा करा, पण तीन-चार सेकंदच. आधी उजवा पाय, मग डावा. पोटरीत गोळा आलाच तर थांबा, चवडा हाताने स्वतःकडे ओढून धरा, चोळा, आणि त्या दिवशी पोटरी वगळा.

शेवटी दोन-तीन मिनिटं काही करायचं नाही. टाचांपासून डोक्यापर्यंत एकदा मनाने फिरून या. कुठे अजून धरलेलं आढळलं, तर तिथे नुसतं थांबा. श्वास बाहेर जाताना मनात "सैल" असा एखादा शब्द म्हणा. कुणी देवाचं नाव घेतं, तेही चालेल. शब्द मात्र रोज तोच ठेवा, त्याचा उपयोग पुढे आहे.

उठताना झटक्याने उठू नका. बोटं हलवा, मान हळू डावी-उजवीकडे करा, कुशीवर वळा, हात टेकून बसा, अर्धा मिनिट बसून मग उभे राहा. कमी रक्तदाब असणाऱ्यांना आणि वयस्कर मंडळींना एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते.

अडतं कुठे

विचार येतात, ही सर्वांची पहिली तक्रार. येणारच. गॅस सिलिंडर, मुलाची फी, साहेबांचा मेसेज. ते हाकलायला जाऊ नका, त्यात पुन्हा कपाळ आवळतं. लक्ष ज्या स्नायूवर होतं तिथे परत आणा, शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा आणा. ही पद्धत मला ध्यानापेक्षा सोपी वाटली ती याच कारणाने. मनाला धरायला हातात काहीतरी असतं.

दुसरी अडचण म्हणजे फळाची घाई. "चार दिवस केलं, काही फरक नाही." चार दिवसांत फक्त ओळख होते. काकूंचा हात खाली पडायला सतरा दिवस लागले. रोज संध्याकाळी मी तो उचलून सोडायचे. आधी तो हवेतच थांबायचा, मग त्या तो मुद्दाम खाली आपटायच्या, म्हणजे तेही कामच. अठराव्या दिवशी मनगट माझ्या हातात दुधाच्या भरल्या पिशवीइतकं जड लागलं आणि मला आधीच कळलं की आज पडणार.

तिसरी गोष्ट जराशी उलटी आहे. काही जण आवळण्यातच रमतात आणि दिवसेंदिवस जोर वाढवतात. उलट करा. दर आठवड्याला आवळ कमी करत जा. पहिल्या आठवड्यात मूठ, तिसऱ्यात नुसतं मूठ वळायला निघालेलं बोट. जेकबसन यांचा आग्रह यावरच होता: कमीत कमी आवळही ओळखता आली पाहिजे. दिवसभरात आपण मुठी थोड्याच वळतो. आपल्याला छळते ती ही बारीक, न दिसणारी आवळ.

सोळावरून चारवर

पहिले दोन-तीन आठवडे सोळा गटांचा पूर्ण क्रम, शक्यतो रोज. मग सात गट करा: उजवा हात पूर्ण, डावा हात पूर्ण, चेहरा, मान, धड, उजवा पाय, डावा पाय. वेळ निम्म्यावर येतो. आणखी दोन आठवड्यांनी चार: दोन्ही हात, चेहरा आणि मान, धड, दोन्ही पाय. हे सात-आठ मिनिटांत होतं.

त्यानंतरची पायरी म्हणजे आवळणं सोडूनच देणं. एकेका भागाकडे लक्ष न्यायचं, सोडल्यावर तो कसा लागायचा ते आठवायचं आणि तसा होऊ द्यायचा. शरीर हे लक्षात ठेवतं. शेवटी उरतो तो फक्त श्वास आणि तुमचा तो एक शब्द. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८७ मध्ये अशीच पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली होती. वीस-तीस सेकंदांत, आहे त्या जागी, अंग सैल करता यावं हे तिचं ध्येय. महिना-दोन महिन्यांच्या सरावानंतर हे जमतं. मधल्या पायऱ्या गाळून थेट इथे उडी मारली तर जमत नाही, मी तो प्रयत्न करून पाहिला आहे.

चालत्या दिवसात

खरा उपयोग चटईच्या बाहेर आहे. कर्ज, आजारपण, घरातले ताणलेले संबंध स्नायू सैल केल्याने सुटत नाहीत. पण तीच चिंता आवळलेल्या जबड्याने वाहणं आणि सैल जबड्याने वाहणं, यात संध्याकाळच्या थकव्याचा मोठा फरक पडतो.

प्रत्येक कामाला काही स्नायू लागतात, बाकीचे फुकट राबतात. ते फुकट राबणारे शोधायचे. दुचाकी चालवताना हँडल धरायला जेवढी पकड लागते, त्याच्या दुप्पट आपण धरतो. सिग्नलला थांबलात की बोटं उघडा, खांदे सोडा, हिरवा पडेपर्यंत तेवढंच. कणीक मळताना दंड आणि मनगट काम करू दे, कपाळाने मळायची गरज नसते. लिहिताना पेन निसटणार नाही इतकंच धरा. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी उंदरावरचा हात बघावा: क्लिक नसतानाही तर्जनी वर उचलून धरलेली असते, दिवसातले कित्येक तास. ती टेकवा. मला मार्चमध्ये सगळ्यात जास्त आराम या एका बोटाने दिला.

आठवण राहावी म्हणून रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला हे बांधून टाका. मोबाईल वाजला की उचलण्याआधी खांदे. कुकरची शिट्टी झाली की जबडा. मी लोकलच्या स्टेशनला बांधलंय. डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी, उभं राहायला जेमतेम पाऊल टेकेल इतकी जागा, एक हात वरच्या कडीला. ठाणं आलं की कडीवरची पकड सैल करून बघते, पडत नाही इतपत. घाटकोपरला दात. दादरला उतरायची झुंबड सुरू होते, सगळ्यांचे खांदे वर चढतात. तेव्हा मी श्वास सोडते, मनात "सैल" म्हणते आणि खांदे खाली ठेवून दाराकडे सरकते.